पंधरा थाउ

अप्पांची फियाट, चौऱ्याहत्तरची, फिकट निळी.
मार्केट यार्डातली अडत मोडून नऊ वर्षं झाली,
तरी डिकीतलं कार्पेट उचललं
की बोट पिवळं होतं.

दर दीड-दोन हजार किलोमीटरला ती खोकायला लागायची.
अंकलीच्या पुलावर तर हमखास,
मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याचा टेप, त्याचा हॉर्न,
आणि मी बॉनेट उघडून,
डिस्ट्रिब्यूटरची टोपी काखेत मारून
पॉलिश पेपरची घडी दोन पॉइंटांमधून ओढत उभी.
"घरात कोणी गडीमाणूस नाही का, बाई?"
होता. तोच शिकवून गेला.

तेवढ्यावर मिरज गाठायची. दस्तगीरचाचा.
तंतुवाद्यांच्या गल्लीमागे पत्र्याची शेड,
पाटी नाही, कधी लागलीच नाही.
भिंतीपलीकडे फरीद तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला,
तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचा,
परत सरकवायचा,
दिवसभर एकच षड्ज, अजून न झालेला.
अलीकडे चाचा
फीलर गेजचं पान पॉइंटांत घालून म्हणायचे,
"पंधरा थाउ. लोण्यातून दोरा निघावा तसं निघालं पाहिजे.
अडलं तर कमी. सुटलं तर जास्त."

या खेपेला त्यांनी पान घातलं, काढलं.
चष्मा पुसला. परत घातलं.
मग गेज माझ्या हातात दिलं.
"तू बघ."
पानावर वीस कोरलेलं होतं.
मी काही बोलले नाही.
तेही नाही.
हात पुसून त्यांनी फळीवरच्या डब्यांमागून
एक खोकं काढलं, वर धुळीचा थर.
"इलेक्ट्रॉनिक. पुण्याहून मागवलंय. पैशाचं नंतर बघू."
म्हणजे ठरवून बरेच दिवस झाले होते.

पॉइंट निघाले, कडेला निळसर जळलेले.
एकावर टेकाड, दुसऱ्यात खड्डा,
याचं झिजलेलं सगळं त्याच्यावर चढलेलं.
कंडेन्सर निघाला. एक वायसर खाली सांडला,
तो शोधण्यात अर्धा चहा गार.
रोटरखाली चुंबकाचं कडं बसलं,
लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला.
"उलटी लागली तर धूर. ह्याच्यात माफी नाही, पोरी."
प्लगच्या वायरी खोचताना ओठांत
एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन,
हा पाढा मात्र तसाच.

पहिल्या किल्लीला गाडी उठली.
अप्पांच्या हाताला तीन लागायच्या,
वर एक शिवी, तीही जैनाच्या तोंडाला शोभेल एवढीच.
पण बोल फाटका होता.
पोरानं आणलेली टायमिंग लाइट खिळ्याला लटकलेली,
चाचांनी तिकडे पाहिलंही नाही.
क्लॅम्प ढिला केला, डिस्ट्रिब्यूटर मुठीत धरला,
दुसऱ्या हातानं भिंतीवर दोन थापा.
"फरीद, जरा थांब."

तार थांबली.
डोळे मिटून चाचांनी मूठ फिरवली,
किती फिरवली ते मला दिसलं नाही.
परत थोडी मागे.
"हां."
क्लॅम्प आवळला, भिंतीवर एक थाप,
पलीकडे षड्ज पुन्हा सुरू.

जुने पॉइंट, कंडेन्सर, बारका स्क्रूड्रायव्हर,
सगळं पेपरात गुंडाळून त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबलं.
"सोबत असू दे. पॉइंट मरायच्या आधी आठवडाभर खोकतात.
हे नवं सांगून मरत नाही.
रस्त्यात गेलं तर हेच लाव आणि घरी ये."
गेज मी परत करायला गेले.
"ते पण ने."

विश्रामबागच्या सिग्नलला गाडी बंद पडली.
मी किल्ली फिरवली,
स्टार्टर असा किंचाळला की शेजारच्या रिक्षातली पोरं दचकली.
बंद नव्हती.
चालूच होती.